न पाठवलेला पॅच

हिंजवडीला फेज दोनच्या बाहेर, जिथे पावसाळ्यात रस्ता कुठे संपतो नि गटार कुठे सुरू होतं हे फक्त दुचाकीच्या चाकाला कळतं, तिथल्या टपरीवर दोन मुलगे चहा घेत उभे होते. गळ्यात कंपनीचे पट्टे, ओळखपत्रं शर्टाच्या खिशात खोचलेली. त्यांतला एक फोनवर अंगठा सरकवत काहीतरी वाचत होता आणि हातातल्या ग्लासावर साय धरत होती. "किती झाल्या?" दुसऱ्याने विचारलं. "पन्नासच्या वर. अजून येतायत." मला वाटलं, वाढदिवसाच्या शुभेच्छा असाव्यात, पण वाढदिवसाला माणसाचा चेहरा इतका पडत नाही. थोड्या वेळाने उलगडा झाला. आदल्या रात्री त्याने लिहून पाठवलेल्या कोडवर सीनियरच्या कॉमेंट येत होत्या.

"कोडबद्दल आहेत की तुझ्याबद्दल?" मित्राने विचारलं.

"आहेत कोडबद्दलच," तो म्हणाला. "वाचताना तसं वाटत नाही, एवढंच."

पैसे देऊन दोघं गेले. मी मात्र तिथेच दुसरा चहा मागवला.

कोड रिव्ह्यूचा पडदा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. काढलेली ओळ लाल, घातलेली ओळ हिरवी. ओळीच्या डाव्या अंगाला तिचा क्रमांक आणि खाली एक चौकट, ज्यात तपासणारा आपलं म्हणणं लिहितो. म्हणणं बहुधा तोकडं असतं. "हे इथे कशाला?" "चाचणी कुठे आहे?" "पुन्हा?" हा शेवटचा एकशब्दी प्रश्न समोरासमोर विचारला तर त्याच्याबरोबर एक भुवई येते, एखादं अर्धवट हसू येतं, खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज येतो. पडद्यावर नुसता शब्द येतो. मग रात्री अकरा वाजता तो वाचणारा माणूस त्या शब्दाला लागणारा आवाज स्वतःच्या पोतडीतून काढतो: कुणाला सातवीतले गणिताचे सर ऐकू येतात, कुणाला वडील. लिहिणारा तिकडे जेवून झोपलेलाही असतो.

मी या धंद्यात आलो तेव्हा कोड कागदावर तपासला जायचा. कडेला भोकं असलेला, घडीवर घडी पडत जाणारा लांबलचक कागद, आणि तो टेबलावर पसरून बसलेले आमचे साहेब. त्यांच्याकडे एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल असे. लाल म्हणजे चूक. निळं म्हणजे चालेल, पण शोभत नाही. निळ्याचीच भीती जास्त वाटायची, कारण लाल खुणेखालचं दुरुस्त करता यायचं. "हा प्रोग्राम तू लिहिलास, की तुला झाला?" असं ते चारचौघांत विचारत. सगळे हसत, जरा वेळाने मीही हसत असे. पण महिनाअखेरीचं काम रात्री अडकलं आणि ग्राहकाचा फोन आला, की साहेब स्वतः रिसीव्हर उचलत आणि "माझ्याकडून राहिलं" एवढंच म्हणत. कोणाचा प्रोग्राम, हे त्या फोनवर कधीच निघालं नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर मात्र ते निघायचंच, लाल टोकानिशी.

इथवर सांगितलं की ऐकणारे मान डोलावतात. तेव्हाची माणसंच वेगळी, वगैरे. म्हणून पुढचंही सांगायला हवं. आमच्याच बॅचमध्ये आणखी एक जण होता, अबोल, कामात माझ्यापेक्षा चांगला. तीच वाक्यं, तेच टेबल, तीच पेन्सिल. पण तो हळूहळू कागद आणीनासा झाला. शेवटच्या क्षणी, तपासायला वेळच उरणार नाही अशा बेताने, प्रोग्राम पुढे करायचा. साहेबांचं नाव निघालं की आजही पोटात गोळा येतो, असं तो सांगतो. साहेब माझ्याशी एक आणि त्याच्याशी एक वागले, असं मला आठवत नाही. त्याचं आणि माझं म्हणणं मी कितीदा शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, पण कुणा एकाला खोटं ठरवता आलेलं नाही.

साहेबांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण त्यांच्या टेबलाला एक इतिहास होता. जेराल्ड वाइनबर्ग यांचं प्रोग्रॅमरच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक १९७१ सालचं. आपण लिहिलेला प्रोग्राम म्हणजे आपण नव्हे, ही साधी आणि जवळपास अशक्य गोष्ट त्यात सांगितली आहे. त्यातला एक प्रोग्रॅमर आपला कोड सहकारी बाईंना तपासायला देतो आणि त्या १३ विधानांत १७ चुका काढून दाखवतात. तो काय करतो, तर दिवसभर ऑफिसात हीच गंमत सांगत फिरतो. मला चुकांच्या संख्येपेक्षा त्या फिरण्याचं नवल वाटतं. कुठल्या हवेत वाढलेला माणूस असं फिरू शकतो? पुढे १९७६ मध्ये आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी कोड तपासण्याची रीतसर पद्धत मांडली. कोण वाचणार, कोण चालवणार, नोंदी कशा ठेवायच्या, सगळं बारकाईने. आणि व्यवस्थापकांना एक ताकीद: इथे सापडलेल्या चुका माणसाच्या अप्रेझलला जोडू नका. जोडल्यात तर उद्यापासून चुका सापडणार नाहीत. आता अनेक ठिकाणी कॉमेंटची संख्या, दुरुस्तीला लागलेले तास, सगळं डॅशबोर्डवर रंगीत आलेखांत दिसतं. टपरीवरचा मुलगा बहुधा कॉमेंट वाचत नव्हताच. तो मार्चमधलं अप्रेझल वाचत होता.

या विषयावर बोलणं निघालं की एक माणूस हटकून येतो. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने जाहीर केलं, की आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहोत, फार मोठं काही नाही. आज जगातले बहुतेक सर्व्हर आणि ॲन्ड्रॉइडवरचे सगळे फोन त्या छंदाच्या गाभ्यावर, म्हणजे लिनक्सच्या कर्नलवर, चालतात. पण मला आधी आठवतो तो १९९२ चा जानेवारी. ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम, ज्यांच्या पुस्तकावर आणि मिनिक्स या सिस्टिमवर हा पोरगा शिकला होता, त्यांनी सर्वांसमक्ष लिहिलं की लिनक्स कालबाह्य आहे. एकसंध कर्नलची ही रचना म्हणजे सत्तरच्या दशकात मारलेली उलटी उडी आहे. आणि तू माझा विद्यार्थी नाहीस याबद्दल आभार मान, कारण असल्या रचनेला माझ्याकडून चांगले गुण मिळाले नसते. बावीस वर्षांचा मुलगा. त्याने तितक्याच तिखटपणे उत्तर दिलं, मग दुसऱ्या दिवशी सुराबद्दल माफी मागितली, मुद्दा मात्र सोडला नाही.

बारा वर्षांनी, २००४ मध्ये, लिनक्स एकट्या टोरवाल्ड्सने लिहिणं शक्य नाही, ते मिनिक्सवरून उचललं असावं, असा संशय एका अमेरिकी संस्थेच्या लेखकाने घेतला. तो लेखक टॅनेनबॉम यांना जाऊन भेटला. त्याला वाटलं असेल, जुना वैरी, मसाला मिळेल. टॅनेनबॉम यांनी जाहीरपणे लिहिलं: नाही, हे त्याने स्वतः लिहिलेलं आहे. रचना मात्र त्यांना तेव्हाही पटलेली नव्हती. वाईट गुण देणाऱ्या मास्तरने आळ आल्यावर साक्षीला उभं राहणं, हे वाचलं की मला आमच्या साहेबांचा फोनचा रिसीव्हर आठवतो.

त्या मुलाचं पुढे काय झालं, ते या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. कर्नलचं काम ईमेलवर चालतं. जगभरातून लोक बदलाचा तुकडा, म्हणजे पॅच, साध्या मजकुराच्या पत्रातून पाठवतात. त्या त्या भागाचे मेंटेनर तो पारखतात आणि शेवटी टोरवाल्ड्स घेतो किंवा नाकारतो. सगळं उघड्यावर, सगळं कायमचं जपलेलं. २०१२ च्या डिसेंबरात, नाताळ दोन दिवसांवर आलेला असताना, एका जुन्या मेंटेनरच्या भागातल्या बदलामुळे लोकांच्या संगणकांवरची आवाज वाजवणारी ॲप्लिकेशन बिघडली. मेंटेनरचं म्हणणं पडलं की दोष ॲप्लिकेशनचा दिसतो. त्यावर टोरवाल्ड्सचं उत्तर आलं. पहिल्याच ओळीत शिवी घालून तोंड बंद ठेवायला सांगितलेलं, आणि मधे मोठ्या अक्षरांत ओरडून: वापरणाऱ्यांचं काम आम्ही मोडत नाही!

हे पत्र मी पुष्कळदा वाचलं आहे आणि प्रत्येक वेळी मला ते आवडलं आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. त्यातला नियम सुंदर आहे. कर्नल बदलल्यामुळे एखाद्याचा चालू प्रोग्राम बंद पडला तर चूक कर्नलची. त्या बिचाऱ्याने प्रोग्राम कसाही लिहिलेला असो. ज्याला कर्नल म्हणजे काय हे कधीच कळणार नाही, अशा कुठल्यातरी घरातल्या माणसाच्या बाजूने हा गृहस्थ इतका संतापलेला आहे. आमच्याकडे ग्राहकासाठी इतकं पेटलेलं कुणी मी पाहिलेलं नाही. शिवाय फटकारलेला माणूस नवखा नव्हता, बरोबरीचा होता. मग मला खटकतं ते काय?

खटकतं ते माझं आवडणं. दुसऱ्याची खरडपट्टी वाचण्यात एक गोडी असते, आणि आपल्या मराठी माणसाला ती जरा जास्तच. अत्र्यांचे 'मराठा'तले अग्रलेख आमच्या आजोबांच्या पिढीने मोठ्याने वाचून दाखवले. कुणाची कशी बिनपाण्याने केली, हे मुद्दा विसरल्यावरही लक्षात राहिलं. टोरवाल्ड्सच्या फटकाऱ्यांचेही लोकांनी असेच संग्रह केले. संग्रह करणाऱ्याच्या अंगाला त्यातलं काही लागलेलं नसतं. हसणाऱ्यांच्या रांगेत उभं राहिलं की आपण मुद्द्याच्या बाजूला आहोत असा भास होतो. साहेबांच्या टेबलाभोवती हसणारे आम्ही, आम्हाला तरी त्या अबोल मुलाच्या प्रोग्राममधली चूक समजली होती का? बहुतेकांना नाही. नुसतं टायमिंग समजलं होतं.

२०१३ च्या जुलैमध्ये त्या ईमेलांत आणखी एक प्रसंग झाला. टोरवाल्ड्सने ग्रेग क्रोह-हार्टमन या सौम्य स्वभावाच्या सहकाऱ्याला सांगितलं, तू फार मऊ आहेस, जरा लोकांवर ओरडायला शीक. त्यात थट्टा होती, थोडा सल्लाही होता. त्यावर इंटेलमध्ये काम करणाऱ्या आणि यूएसबी ३.० चा भाग सांभाळणाऱ्या सेज शार्प यांनी सर्वांदेखत लिहिलं: पुरे. शाब्दिक मारहाण ही मारहाणच आहे आणि इथे ती चालणार नाही. टोरवाल्ड्सचं उत्तर या सगळ्या वादातलं सर्वांत मनोरंजक आहे. मी घरी बाथरोब घालून कामाला बसतो, असं त्याचं म्हणणं. मी टाय बांधणार नाही आणि टायबरोबर येणारा खोटा विनयही घेणार नाही. ऑफिसातलं राजकारण, पाठीमागून वार, गोड बोलून काटा काढणं, हीच तुमच्या सभ्यपणाची फळं आहेत.

इथे मला थांबावं लागतं, कारण बाथरोबवाल्याचं हे वाक्य खोटं नाही. टायवाल्यांचं मी पाहिलेलं आहे.

एका कंपनीत माझ्याबरोबर लातूरकडची एक टेस्टर होती. तिचे बग रिपोर्ट म्हणजे नमुना: कोणत्या पायरीवर काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, सोबत पडद्याची चित्रं. तिच्या टीमला नवा मॅनेजर आला. आवाज कधी चढला नाही. प्रत्येक मेलच्या सुरुवातीला आभार आणि शेवटी शुभेच्छा. तिने नोंदवलेला बग दुसऱ्या दिवशी बंद झालेला असे, शेरा: रचनेप्रमाणेच चालतं आहे. स्टँड-अपमध्ये तिची पाळी आली की तो घड्याळ बघायचा. ती दोन वाक्यांपुढे गेली की हसून म्हणायचा, हे आपण ऑफलाइन घेऊ. ते ऑफलाइन कधी उगवलंच नाही. मग मीटिंगच्या निमंत्रणांतून तिचं नाव गळू लागलं. विचारलं तर, "अरे, राहिलं वाटतं, सॉरी हं." तिच्या इंग्रजीतलं एखादं क्रियापद चुकलं की तो ते दुरुस्त करून तेच वाक्य पुन्हा म्हणायचा, अगदी प्रेमाने, जणू मदत म्हणून. एखाद्या मेलमध्ये तिच्या वरच्याच्या वरच्याला सीसी: फक्त आपल्या माहितीसाठी. वर्षाअखेर तिच्या नावापुढे आलं, संवादकौशल्य सुधारायला हवं.

ती एचआरकडे गेली. तिथल्या बाई चांगल्या होत्या, पाणी दिलं, दार लावून घेतलं. मग विचारलं, एखादं ठळक उदाहरण देता येईल का? तारीख, वेळ, कोण हजर होतं? ती सांगते की तिने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, आपल्याकडे उदाहरणच नाही. घड्याळ बघितलं, हे उदाहरण आहे? निमंत्रण राहिलं, हे? सुटं सुटं सांगायला गेलं तर प्रत्येक गोष्ट हास्यास्पद होती. सव्वा वर्ष तिला रोज थोडं थोडं खोडत आणलं होतं आणि सांगण्यासारखं एक वाक्यही त्या माणसाने मागे ठेवलं नव्हतं. तिने राजीनामा दिला. निरोपाला केक होता. मॅनेजरने छोटंसं भाषण केलं, छान बोलला.

साहेबांनी मला उद्देशून म्हटलेली डझनभर वाक्यं मी आत्ताही जशीच्या तशी म्हणून दाखवू शकतो. तिला त्या सव्वा वर्षातलं काहीच म्हणून दाखवता येत नाही.

तिच्या गोष्टीतला मला सर्वांत बोचणारा तपशील वेगळाच आहे. त्या मॅनेजरने तिचे रिपोर्ट कधी उघडून पाहिले नव्हते. न वाचताच बंद करायचा. याच्या उलट गोष्ट जोएल स्पोल्स्की या प्रोग्रॅमरने लिहून ठेवली आहे. १९९२ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमध्ये त्याने एक्सेलच्या एका भागाचा जाडजूड आराखडा लिहिला आणि तो खुद्द बिल गेट्सपुढे गेला. अशा बैठकीत गेट्स किती वेळा शिवी देतो हे मोजायला एक माणूस ठेवलेला असे. त्या दिवशी आकडा चारवर थांबला, म्हणजे दिवस उत्तम. पण स्पोल्स्कीला हादरा बसला तो आराखड्याची पानं पाहून. समासात, पानोपानी, गेट्सच्या अक्षरात टिपणं होती. त्याने ते सगळं वाचलं होतं. आणि प्रश्न असे, की उत्तर आलं की पुढचा त्याहून अवघड, थेट तारखा मोजण्याच्या आडगल्लीपर्यंत. अशा समोरच्याची भीती वाटते. पण त्याने स्वतःचा एवढा वेळ आपल्या कागदाला दिला, हा मान असतोच, शिव्यांसकट. छळणाऱ्याला वाचण्याचे कष्ट घ्यायचे नसतात. त्याला कागदाशी कर्तव्यच नसतं.

तेव्हा बाथरोब बरा की टाय, असा प्रश्न टोरवाल्ड्सने घातला, तर मी कदाचित कुरकुरत बाथरोबच्या बाजूला गेलो असतो. पण त्याने पर्याय दोनच का ठेवले? शार्प तिसरं काहीतरी मागत होते. २०१५ मध्ये कर्नलचं काम सोडल्यावर त्यांनी लिहिलं, की मला तांत्रिक बाबतीत निष्ठुर आणि माणूस म्हणून आदराने बोलणारी माणसं हवी होती. निष्ठुरपणा कमी करा असं त्या मागणीत कुठेही नाही. जाणाऱ्याने केलेली मागणी होती, त्यामुळे तिच्यावर चर्चा पुष्कळ झाली आणि काम पूर्वीसारखंच चालू राहिलं. त्याच वर्षाच्या मार्चमध्ये कर्नलला एक नियमावली मिळाली होती, तिचं नावच मुळी 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट', म्हणजे वागणुकीपेक्षा भांडणाचीच. मला ते नाव प्रामाणिक वाटतं.

मग १६ सप्टेंबर २०१८. टोरवाल्ड्सचं पत्र आलं. वरवर पाहता नेहमीचं, ४.१९ या आवृत्तीचा चौथा कच्चा मसुदा तयार झाल्याचं. त्यातच त्याच्या एका फजितीची गोष्ट: मेंटेनरांच्या वार्षिक बैठकीच्या तारखेलाच याने घरच्यांबरोबर सुट्टी आखून ठेवली होती, आणि याच्यासाठी लोकांनी बैठक व्हँकूव्हरहून एडिनबराला हलवली. आणि त्या पाठोपाठ, कुणी अपेक्षाही केली नव्हती अशी माफी. माझे ईमेलमधले हल्ले गैर होते, विशेषतः जे मी व्यक्तिगत केले ते. लोकांच्या भावना मला कळत नाहीत. त्या समजून घेण्यासाठी मी थोडा थांबून मदत घेणार आहे. पुढे एक अगदी प्रोग्रॅमरचा उपाय: शिवी असलेला ईमेल बाहेरच जाऊ नये, अशी चाळणी बसवावी का? हसू येतं, पण तो विनोद नसावा. ज्याने आयुष्यभर यंत्राला शिकवलं, त्याला स्वतःत बदल करायचा तर तोही पॅच लावूनच करावासा वाटणार.

पुढचे पाच आठवडे कर्नल कुणी सांभाळला? ग्रेग क्रोह-हार्टमनने. तोच, ज्याला ओरडायला शीक म्हटलं होतं. ऑक्टोबरच्या २२ तारखेला ४.१९ बाहेर पडली, रीतसर. अलौकिक बुद्धीबरोबर थोडा काटेरीपणा यायचाच, तो सोसल्याशिवाय काम होत नाही, असं मानणाऱ्या आमच्या क्षेत्राने या पाच आठवड्यांकडे जितकं बघायला हवं होतं तितकं बघितलं नाही, असं मला वाटतं. टोरवाल्ड्स परत आला. गोड झाला असं नव्हे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये उशिरा आलेल्या एका कोडला त्याने चक्क कचरा म्हटलं आणि कचरा का, हे एका छोट्या फंक्शनचं नाव घेऊन समजावून सांगितलं. चुलीवरचं भांडं तेवढंच तापलेलं, पण आता उकळतं ते बहुधा कोडावर सांडतं. काहींना हा फरक पुरेसा वाटतो. ज्याचा कोड होता त्याला काय वाटलं, हे मला बाहेरून सांगता यायचं नाही.

टोरवाल्ड्सनेच २००५ मध्ये गिट लिहिलं, ज्यात आज जगातला बहुतेक कोड जपला जातो. इंग्लंडच्या बोलीत गिट म्हणजे नकोसा, तिरसट माणूस. मी माझ्या वस्तूंना माझंच नाव देतो, असं तो गमतीने म्हणाला होता. गिट काहीही विसरत नाही. ओळ कुणी लिहिली, कधी बदलली, कुणी तपासली, चूक कुणी दाखवून दिली, सगळं नावानिशी. कुठल्याही ओळीचा कर्ता शोधायच्या आज्ञेचं नाव 'ब्लेम'. पण ज्याने ते २०१२ चं पत्र वाचलं, आपला तयार पॅच पुन्हा एकदा पाहिला आणि खिडकी बंद केली, त्याची नोंद त्यात नाही. पत्र त्याला उद्देशून नव्हतं. त्याला कुणी एक शब्द बोललेलं नव्हतं. अशी माणसं किती, कुठली, त्यांच्या पॅचमध्ये काय होतं, हे सांगायला कुठलीच आज्ञा नाही. आमच्या बॅचमधल्या त्या मुलाने शेवटच्या क्षणी पुढे केलेले प्रोग्राम निदान चालले तरी. त्याने विचारलेच नाहीत असे प्रश्न कुठे गेले?

माझी भाची सांगलीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत आली तेव्हा ती कर्नलसाठी आपला पहिला पॅच तयार करत होती. नवख्यांनी जिथून सुरुवात करावी असा एक कोपरा कर्नलमध्ये आहे, तिथला कुठलातरी विस्कटलेला भाग नीट करणं, एवढंच काम. चेकपॅच नावाची एक स्क्रिप्ट असते, ती ओळ फार लांब झाली, जागा चुकीची सोडली, असं सगळं निर्विकारपणे सांगते. भाची तिचं ऐकत होती आणि मुकाट्याने दुरुस्त करत होती. यंत्राने चोवीस चुका दाखवल्या तरी तिच्या कपाळावर आठी नव्हती. मग दुसरी एक स्क्रिप्ट चालवली, जी पॅच कुणाकुणाला पाठवायचा त्या मेंटेनरांची नावं काढून देते. तीन नावं आली.

"मामा, यातलं कोण ओरडतं?"

"अशी यादी कुणी ठेवत नाही गं," मी म्हटलं.

"ठेवतात की. आमच्या ग्रुपवर आहे." तिने फोन माझ्यापुढे धरला. सीनियर मुलामुलींनी भरलेला तक्ता होता. पहिल्या नावापुढे लिहिलेलं: ओरडतो, पण पूर्ण वाचतो, उत्तर नक्की येतं. दुसऱ्यापुढे: खूप गोड बोलतो, तीन महिने थांबायची तयारी ठेवा. तिसऱ्यापुढचा रकाना रिकामा होता.

"हा नवीन दिसतोय," ती म्हणाली, आणि पत्त्याच्या ओळीत तिघांनाही घालून चेकपॅच आणखी एकदा चालवायला बसली.